क्योटोमध्ये भाड्याचा किमोनो : दुकान कसे निवडावे

क्योटोच्या हिगाशियामा भागात कियोमिझुदेरा मंदिराकडे चढत जाणाऱ्या निनेन्झाका आणि सानेन्झाका या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्यांच्या आसपास किमोनो भाड्याने देणारी दुकाने पावलोपावली आढळतात. यासाका पॅगोड्याजवळच्या अशाच एका लहान दुकानातून आम्ही उभयतांनी नोव्हेंबरमध्ये दिवसभरासाठी किमोनो घेतले. बहुतेक प्रवासी रंग आणि छायाचित्रे पाहून दुकान ठरवतात. माझ्या मते मात्र भाड्याचे खरे मोल नेसवणाऱ्या बाईंच्या कसबात असते.

कापडाविषयी आधीच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. प्रवाशांना दिले जाणारे बहुतेक किमोनो पॉलिएस्टरचे असतात. निशिजिन या क्योटोतील विणकर वस्तीचे विणकाम किंवा युझेन पद्धतीने रंगवलेले रेशीम या दरात मिळण्याची अपेक्षा धरू नये, आणि पावसाचा किंवा सोया सॉसचा डाग पडण्याची धास्ती बाळगत फिरण्यापेक्षा धुता येणारे कापडच बरे. या दुकानाने ही गोष्ट निवड करण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली, हे मला आवडले.

नेसवण्याचे काम पाहण्यासारखे होते. आतले वस्त्र चढवल्यावर बाईंनी माझ्या कमरेभोवती घडी घातलेले टॉवेल गुंडाळले, कारण किमोनोला शरीराचा बाक चालत नाही. ते सरळ असेल तरच ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा, नीट बसतो. नंतर डावी बाजू उजवीवर आणून (उलट प्रकार फक्त मृतांसाठी असतो) त्यांनी जास्तीची लांबी कमरेशी दुमडली आणि अरुंद नाड्यांनी आवळली. बटण नाही, पिन नाही, सगळी भिस्त घडीवर आणि गाठीवर. नऊवारी चापूनचोपून नेसणाऱ्या कुणालाही या कामातली अवघड जागा लगेच कळेल. ओबी बांधण्यापूर्वी त्यांनी मला दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि गाठ मारल्यावर पट्ट्याच्या वरच्या कडेतून दोन बोटे घालून तो फार आवळला नाही ना, याची खात्री करून घेतली. संध्याकाळपर्यंत असंख्य पायऱ्या चढून उतरूनही मानेमागची कॉलर जागची हलली नव्हती.

पुरुषांच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडले. पुरुषांच्या किमोनोत कमरेची ती दुमड नसल्याने लांबी उंचीला नेमकी जुळावी लागते, आणि उंच पुरुषांसाठी येथे मोजकेच किमोनो होते. माझ्या यजमानांना रंगाला पर्यायच उरला नाही. आरक्षण करताना उंची कळवावी आणि त्या मापाचे किती किमोनो आहेत, हे विचारून घ्यावे.

झोरी या सपाट चपलांची सवय नसल्यास अंगठ्याच्या बेचक्यात त्या टोचतात आणि पाऊलही आखूडच पडते, म्हणून दिवसाचा बेत आटोपशीर ठेवावा. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतील खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना प्रवेशबंदी असून 10,000 येन दंडाच्या पाट्या लावलेल्या आहेत; दुकानातील मुलीने नकाशावर त्या गल्ल्या आपणहून खुणा करून दाखवल्या, ही जबाबदारीची जाणीव मला फार मोलाची वाटली.

साध्या पोशाखाचे भाडे प्रत्येकी 4,000 येनच्या आसपास होते, केशरचनेचे पैसे वेगळे. परतीची वेळ साडेपाचची होती. नोव्हेंबरमध्ये क्योटोत पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि पानगळीच्या दिवसांत कियोमिझुदेरा रात्री दिव्यांनी उजळलेले असते, तेव्हा थोडे जास्त पैसे भरून दुसऱ्या दिवशी कपडे परत करण्याची सोय जे दुकान देते, त्यालाच या हंगामात पसंती द्यावी. आम्ही ती सोय घेतली.