कॉम्प्युटर ‘साफ’ करून घेताना माझे ५३,४९९ रुपये गेले

मी गिरगावात राहते. ठाकुरद्वारच्या आमच्या चाळीत दोन खोल्या आहेत, त्यातल्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल. एकोणीस वर्षं याच टेबलावर मराठी टायपिंग आणि डीटीपीचं काम करतेय. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आणि गणपती झाले की दिवाळी अंकांचा मजकूर. जे माझ्याबरोबर झालं ते दुसऱ्या कुणाबरोबर होऊ नये म्हणून सगळं लिहून काढतेय. काही लपवत नाही.

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. हातात तीन अंक होते आणि कॉम्प्युटर रडकुंडीला आला होता. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो गाळून पिऊन व्हायचा, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. अकरा-बारा मिनिटं. त्यातच विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार अशी सूचना अधूनमधून यायची. ती सूचना खरी होती, पण मी तिचा संबंध मशीन हळू होण्याशी लावला आणि धास्तावले. एका दुपारी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तोच फिरवला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलं होतं. म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. एवढी वर्षं लोकांच्या मजकुरातल्या वेलांट्या तपासणारी मी, तो शब्द वाचलाच नाही.

फोनवरचा माणूस आधी हिंदीत बोलला. माझं नाव ऐकल्यावर मराठीत आला. “ताई, काळजी करू नका, आपलंच घर समजा.” त्या ‘ताई’ने माझं निम्मं काम तमाम केलं. त्याने एक ॲप उतरवायला सांगितलं, त्यात दिसणारे नऊ आकडे वाचून दाखवायला सांगितले, आणि पुढच्या मिनिटाला माझ्या कॉम्प्युटरचा माऊस त्याच्या हातात होता.

मग त्याने मला तीन गोष्टी दाखवल्या. त्या नीट सांगते, कारण फसवणूक तिथे झाली. पैसे नंतर गेले.

पहिली, इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी. लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, खालपर्यंत रांगच रांग. “ताई, इतके हल्ले झालेत.” आता मला माहीत आहे की ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादा प्रिंटर वेळेत सापडला नाही, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, तरी तिथे फुली पडते. धडधाकट कॉम्प्युटरवरही अशा फुल्या ढिगाने असतात.

दुसरी, काळ्या पडद्यावर त्याने एक शब्द टाइप केला. भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी एक लांबलचक नंबर आला. तीन वेळा आठ, मग डीसीए, मग साठ, असा सुरू होणारा. “हा तुमच्या मशीनचा परवाना नंबर, लिहून घ्या. आमच्याकडे बघा हाच नोंदलेला आहे.” आणि त्याने आकडा न् आकडा तोंडपाठ म्हणून दाखवला. माझ्या कॉम्प्युटरचा नंबर त्याच्याकडे आहे म्हणजे तो कंपनीचाच माणूस, असं मी धरून चालले. तो नंबर माझ्या मशीनचा नव्हताच. झिप फोल्डरच्या एका सोयीला विंडोजने दिलेली ती ओळख आहे, आणि सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर ती अक्षर न् अक्षर तीच असते.

तिसरी, टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये त्या क्षणी काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. तिथे ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव साठेक वेळा दिसत होतं. “एकच चोर साठ वेळा घरात शिरलाय, ताई.” मी अक्षरशः घामाघूम झाले. खरी गोष्ट अशी की विंडोजच्या अंतर्गत सेवा याच नावाखाली चालतात. २०१७ साली आलेल्या विंडोज १० च्या एका अपडेटपासून, मेमरी साडेतीन जीबीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक सेवांना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो. माझी मेमरी चार जीबी. मग पन्नास-साठ दिसणारच. फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधली असेल तर ती घरचीच. त्याच नावाची किंवा एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली फाइल भलत्याच फोल्डरमधून चालत असेल तेव्हा घाबरायचं. हा फरक मला त्या दुपारी माहीत असता तर मी तिथेच फोन ठेवला असता.

वर्षभराच्या ‘संरक्षणाचे’ ४,९९९ रुपये. नेट बँकिंगचा पासवर्ड मी त्याच्यासमोरच टाइप केला. नंतर पडदा काळा झाला. “सफाई चालू आहे, वीस मिनिटं हात लावू नका.” मी हात लावला नाही. त्या वीस मिनिटांत तो माझ्या टेबलावर एकटा होता.

पाचव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. सेवा चालू करायचा कोड मोबाइलवर आलाय, तो सांगा. मी एका लेखाच्या मधोमध होते, मान खांद्यावर कलती करून फोन धरला होता, आणि मेसेज न वाचता सहा आकडे वाचले. शेवटचा आकडा तोंडातून बाहेर पडतोय तोच पडद्यावरचा बाण हलला. माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते. बाण सावकाश डावीकडे गेला, माझ्या लेखाची खिडकी खाली सारली, आणि मागे उघडी असलेली बँकेची खिडकी वर आली. त्या सकाळी मी कॉम्प्युटर नव्याने सुरू केला होता. कुठलंही ॲप उघडलं नव्हतं, कुणालाही नऊ आकडे दिले नव्हते.

मी उठून राउटरचं बटण बंद केलं. तोवर मोबाइल वाजला. ४८,५०० रुपये वजा.

लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. तुमच्या बाबतीत असं काही झालं तर पहिला फोन हाच करा. घरच्यांना नंतर सांगा, रडायचं असेल तर तेही नंतर. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. मला तक्रारीचा नंबर मिळाला, बँकेने खातं गोठवलं, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेले. त्यातले ११,२०० रुपये पुढच्या खात्यात अडकलेले सापडले. बाकीचे गेले. बँकेने रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं. त्यात असं होतं की ग्राहकाने स्वतःच कोड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर पुढे काही गेलं तर ते बँकेचं. म्हणूनही तो पहिला फोन महत्त्वाचा.

दुसऱ्या दिवशी सीपीयू पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा दुरुस्तीचं काम करतो, आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणांची मशीनं त्यानेच बघितलेली. त्याने इंटरनेट न जोडता कॉम्प्युटर सुरू केला, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर आणला, आणि त्यातलं ‘स्टार्टअप’चं पान उघडलं. विंडोज ८ पासून ही यादी तिथेच असते. एकोणीस वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती. “काकू, कॉम्प्युटर उठला की त्याच्याबरोबर कोण कोण उठतं त्यांची ही हजेरी,” तो म्हणाला.

सतरा नावं होती. त्यातली बहुतेक निरुपद्रवी पण बिनकामाची. लॉकडाउनमध्ये घेतलेलं मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, विकून टाकलेल्या प्रिंटरचा पहारेकरी, तीन वेगवेगळे अपडेटर. यांना फक्त ‘डिसेबल’ करायचं. त्याने ॲप पुसलं जात नाही, सकाळी आपोआप उठत नाही एवढंच, लागलं तर हाताने उघडता येतं. विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह आणि आवाजाचा ड्रायव्हर तसेच ठेवले.

मग दोन नावांवर तो थांबला. एकाच्या पुढे प्रकाशकाचं, म्हणजे ते ॲप बनवणाऱ्या कंपनीचं, नाव कोरं होतं. “हा संशयित,” म्हणून तो ते बंद करायला निघाला आणि मी त्याचा हात धरला. ते माझं मराठी कीबोर्डचं जुनं सॉफ्टवेअर होतं. वीस वर्षांपूर्वीचे फॉन्ट त्यावरच चालतात, ते बंद झालं तर माझं पोट बंद. दुसऱ्या नावापुढे मात्र प्रकाशक होता, रीतसर सही असलेला, जगभर वापरला जाणारा. तेच ते दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप. ॲप खरंच चांगलं आहे, कितीतरी ऑफिसांत वापरतात. पण त्या वीस मिनिटांत फोनवरच्या माणसाने त्यात स्वतःचा कायमचा पासवर्ड घातला होता, म्हणजे मला न विचारता केव्हाही आत येता येईल असा. म्हणून तो बाण हलला.

हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय. ‘प्रकाशक कोरा म्हणजे व्हायरस’ असं जो तो सांगतो. माझ्या यादीत कोरा होता तो माझा अन्नदाता आणि सही-शिक्क्याचा होता तो चोराचा. नावावरून दोघांपैकी एकही ओळखू आला नसता. ओळखू आला तो तारखेवरून. यादीतल्या नावावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हटलं की ती फाइल जिथे ठेवलीय ते फोल्डर उघडतं. तिथे फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती त्या मशीनवर कधी तयार झाली ते दिसतं. माझं कीबोर्ड कित्येक वर्षांपूर्वीचं. आणि ते ॲप बरोबर त्या दुपारचं, मी फोनवर होते त्या तासातलं. तारीख आली की पुढचा प्रश्न आपला आपल्यालाच विचारता येतो, त्या दिवशी हे मी आणलं की दुसऱ्या कुणी?

तारखेने आणखी एक सापडला. ‘विंडोज सपोर्ट’ असं साळसूद नाव, पण फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये नव्हती, प्रोग्राम फाइल्समध्येही नव्हती. माझ्या नावाच्या फोल्डरात आत आत, ॲपडेटा नावाच्या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, अर्थ नसलेल्या अक्षरांच्या एका फोल्डरात. ॲपडेटात चांगली ॲपही राहतात, पण स्वतःला विंडोज म्हणवणारं तिथे कशाला राहील? त्याने ते बंद केलं, मशीन परत सुरू केलं, तर ते पुन्हा हजर. टास्क शेड्यूलरमध्ये एक काम लावून ठेवलं होतं, लॉगिन झालं की याला उठवायचं. दुरून चालवायचं ॲपसुद्धा एकदा स्टार्टअपमध्ये आणि एकदा सर्व्हिसेसमध्ये, दोन्हीकडून सुरू होत होतं. म्हणजे टास्क मॅनेजरची यादी ही फक्त पुढची खोली. या सगळ्या जागा एकत्र दाखवणारं ऑटोरन्स नावाचं एक साधन आहे, मायक्रोसॉफ्टचं, फुकट मिळतं. ज्याच्या प्रकाशकाची खात्री पटत नाही त्या ओळी ते गुलाबी दाखवतं, ज्याची फाइलच जागेवर नाही त्या पिवळ्या. माझं कीबोर्ड तिथेही गुलाबीच होतं. पण त्यातलं काही माहीतगार जवळ नसताना पुसू नका, विंडोज सुरूच होणार नाही अशीही नावं त्यात असतात.

शेवटी त्याने काही सोडवत बसण्यापेक्षा माझा मजकूर काढून घेतला आणि विंडोज नव्याने घातली. आत कुणी बसून गेल्यावर सगळं निघालं याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवली, मेमरी आठ जीबी केली. आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. माझ्या मशीनला झालेला आजार एवढाच होता. सगळे पासवर्ड मी मोबाइलवरून बदलले, त्या मशीनला हात लावायच्या आधी. तो परवान्याचा नंबरही दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढून बघितला. मी कागदावर लिहून घेतलेला होता, तो धरून एकेक अक्षर जुळवलं. तोच. शेजारच्या तिसऱ्या मशीनवरही तोच.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी स्टार्टअपची यादी उघडते आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवते. मागच्या फोटोशी ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. नवं नाव दिसलं तर ते माझ्यामुळे आलंय का, हे आठवतं, कारण महिना झालेला नसतो. चाळीतल्या तीन घरांत ही सवय लावून दिलीय. एका घरी आजोबांच्या लॅपटॉपवर पडदाभर इशारा आला होता, खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तो ब्राउझरचा एक टॅब होता, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, इशारा गेला.

दिवाळी झाल्यावर मला पुन्हा एक फोन आला. आवाज वेगळा, बाईचा. माझी तक्रार त्यांच्याकडे पोचली आहे, पूर्ण रक्कम परत मिळेल, माझं नाव आणि ४८,५०० हा आकडा तिला माहीत होता. “ताई, फक्त एक ॲप उतरवा आणि त्यातले नऊ आकडे मला वाचून दाखवा.” मी फोन ठेवला, नंबर ‘चक्षू’वर, म्हणजे संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर, नोंदवला, आणि तो लिहिलेला कागद माझ्या तक्रारीच्या फायलीत लावायला पोलीस ठाण्यात नेऊन दिला.