स्क्रू नुसताच फिरतोय: खुंटी ठोकावी की स्टीलची पट्टी लावावी?

किचनच्या कपाटाचं शटर खाली बसलं की आधी बिजागरीच्या दांड्यावरचे दोन स्क्रू बघा. पुढचा शटर डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर. ते सैल झाले असतील तर दोन मिनिटांचं काम आहे. पण बिजागरीची प्लेट (दांडा जिच्यावर बसतो ती) कपाटाच्या बाजूच्या फळीला धरणारा स्क्रू नुसताच गोल फिरत असेल, तर भोक खाल्लं गेलंय. बहुधा वरची बिजागरीच आधी जाते, कारण शटरचं वजन तिला फळीतून बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं.

आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल हा तात्पुरता उपाय. शटर वर-खाली करायला तोच स्क्रू दोन-तीनदा सैल केला की काड्यांचा भुगा होतो. ६ ऐवजी ८ नंबरचा स्क्रू घातला तर त्याचं डोकं प्लेटमध्ये पूर्ण बसत नाही आणि वरचा दांडा त्याला अडतो. म्हणजे खरी निवड दोनातच: भोकात लाकडी खुंटी ठोकणं किंवा वरून स्टीलची पट्टी लावणं.

स्टीलच्या पट्टीचा मोठा गुण म्हणजे थांबावं लागत नाही. खराब भोक झाकून ती आजूबाजूच्या चांगल्या भागात चार-सहा स्क्रूंनी धरते, आणि बिजागरी पट्टीवर बसते. फक्त तिची जाडी नडते. प्लेटखाली एक-दीड मिलिमीटर वाढलं की शटर तेवढंच मधे सरकतं. जोडशटर असेल तर दोन्हींच्या कडा घासायला लागतात. मग एकच बिजागरी बिघडलेली असताना दुसरीखालीही पट्टी घालावी लागते, नाहीतर शटर तिरकं लटकतं. पुढच्या स्क्रूने ते परत बाजूला सरकवता येतं, पण बहुतेक बिजागऱ्यांत तिथे जेमतेम दोन मिलिमीटरची सोय असते आणि ती इथेच संपते. पावसाळ्यात शटर फुगलं की सरकवायला जागाच उरत नाही. माझं मत खुंटीकडे झुकलं ते यामुळे.

खुंटी ८ मिलिमीटरची, खाचा असलेली, लाकडी. जुनं भोक त्याच मापाच्या बिटने मोठं करा, पण आधी ड्रिल बिटला टोकापासून १२ मिलिमीटरवर टेप गुंडाळा, नाहीतर १६-१८ मिलिमीटरची फळी आरपार जाते आणि पलीकडचा सनमायका फुटतो. भोकातला भुसा फुंकून काढा, भोकाच्या कडांना फेव्हिकॉल लावा, खुंटी ठोका आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी वर आलेला तुकडा कापून सपाट करा. प्लेट जुन्या जागी धरून खुणा करा (दोन भोकांत ३२ मिलिमीटर, फळीच्या पुढच्या कडेपासून सहसा ३७), आणि २.५ मिलिमीटरचं भोक पाडूनच स्क्रू घाला. तसाच दाबला तर खुंटी चिरते. शेवटचे आटे हाताने फिरवा, मशीनने नको. अशा खुंटीतला स्क्रू पुन्हा पुन्हा काढला-घातला तरी पकड टिकते, असा अनुभव आहे.

शटरच्या बाजूला, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या कपाशेजारी (बिजागरीचा शटरमध्ये रुतलेला गोल भाग), मात्र मी ८ ची खुंटी टाळेन. तिथे खुंटी आणि कपाचं भोक यांत जेमतेम तीन मिलिमीटर भिंत उरते आणि पार्टिकल बोर्डात ती ढासळते. तिथे कपासाठी भोक असलेली पट्टीच बरी. शटर थोडं पुढे येतं, पण मागच्या स्क्रूने ते आत घेता येतं. सिंकखालची फळी पाण्याने फुगून बोटाने भुगा निघत असेल, तर खुंटी फळीच्या तुकड्यासकट बाहेर येईल. पट्टीचे स्क्रूही तिथे धरायला कोरडा, घट्ट भागच मागतात, तेव्हा आधी नखाने दाबून बघा.