कोल्हापुरी साज की ठुशी?

लेक लग्न होऊन बंगळुरूला नाहीतर थेट परदेशात निघाली, की घराघरात वाद ठरलेला: सोन्याचं एकच काही करायचं तर साज की ठुशी? कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दोन्ही मिळतात, दोन्ही नऊवारीवर शोभतात. पण दोन्हींचं बोलणं वेगळं.

साजात जवमणी आणि पानं आलटून-पालटून ओवलेली असतात. पान म्हणजे छोटं घडीव पदक. पूर्ण साज २१ पानांचा. त्याचा हिशोब परंपरेनं असा सांगतात: १० पानं दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईत. मासा आणि कासव दिसले की मत्स्य-कूर्म ओळखावेत. शंख, कमळ, चंद्र, बेलपान, भुंगा हेही आकार साजात भेटतात. आमच्याकडे सवाष्णीच्या गळ्यात साजाला मंगळसूत्राच्या जोडीचा मान, त्यामुळे सासरी कुणी "हे काय गं?" म्हणालं की पोरीला गावासकट सगळं सांगता येतं. हल्ली १२ पानी हलका साज जास्त खपतो. तो घ्यायला हरकत नाही, फक्त कुठली पानं गाळलीत ते सराफाला विचारा. मासा-कासव गाळून नुसती फुलं भरलेला साज मला तरी साज वाटत नाही.

ठुशीत असं वाचायला काही नाही. बारीक मणी दाटीनं गुंफलेले, गळ्यालगत बसणारे. मागच्या दोऱ्यानं सैल-घट्ट होते. कुर्त्यावरही चालते. महाराष्ट्रभर वापरतात, त्यामुळे ती मराठीपण सांगते, कोल्हापूर नाही.

व्यवहाराचं एकच. साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून बिलावर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. लाख उष्णतेनं मऊ होते. गरम पाण्यानं अंघोळ करताना साज काढून ठेवायला सांगा. दोरा झिजला की दोन्ही पुन्हा गाठवावे लागतात आणि परदेशात पटवेकरी कुठला मिळणार? माहेरी आली की तेवढं करून न्यावं.

माझं मत विचाराल तर सोन्यात १२ पानीच का होईना, साजच करा. ठुशीची हौस चांदीवर सोन्याचं पाणी दिलेल्या दागिन्यावर भागते. ती रोज घातली, प्रवासात नेली तरी जिवाला घोर नाही. मात्र पोरगी साडीच नेसत नसेल, तर साज लॉकरात पडून राहील. मग बेधडक सोन्याची ठुशी करा.