ऑनग्रिड इन्व्हर्टर: लाइनमध्ये बिघाड झाला की कसा वागतो?

घरावर तीन किलोवॅटचं ऑनग्रिड सोलर, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं सोलर बसवलं, त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून लाइनला जोडणारं यंत्र म्हणजे त्याचा इन्व्हर्टर. युनिट किती पडतात यावर भरपूर लिहिलं जातं, म्हणून मी बिघाडाबद्दल लिहितो. आमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, लाइनच्या टोकाला आहे. असे प्रसंग इथे नेहमीचेच.

लाइट गेली की इन्व्हर्टरमधल्या रिलेचा (आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज येतो, लाल दिवा लागतो आणि भर उन्हात घरातले पंखे थांबतात. शेजारी विचारतात, "मग सोलरचा उपयोग काय?" पण लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असताना आपल्या छतावरून तारेत वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणूनच ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत लाइनपासून सुटायचं, असा नियम आहे. लाइट आल्यावरही तो किमान ६० सेकंद थांबतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठीक असली तरच जोडून घेतो. आमच्याकडे लाइट येते-जाते, त्यामुळे हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

शॉर्टसर्किटमध्ये सोलरमुळे प्रचंड करंट येईल ही भीती नको. माझा इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेला साधारण १३ अँपिअर देतो आणि असे इन्व्हर्टर शॉर्टमध्येही त्याहून थोडाच जास्त करंट सोडतात. एमसीबी झटक्यात उडवणारा करंट ग्रिडकडूनच येतो.

खरा त्रास झाला तो जास्त व्होल्टेजचा. दुपारी शेतीपंप बंद असले की लाइनचं व्होल्टेज चढतं, त्यात आपलं सोलर आणखी भर घालतं. २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो (ट्रिप होतो), तेही नेमकं कडक उन्हात. मीटरपर्यंतची केबल ४ ऐवजी जाड, १० स्क्वेअर एमएमची टाकल्यावर केबलमुळे चढणारं व्होल्टेज घटलं आणि ट्रिप बरेच कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत, कारण उरलेलं दुखणं लाइनचं आहे.

पावसाळ्यात सकाळी आयसोलेशनचा एरर (पॅनेलच्या वायरिंगमधून वीज जमिनीकडे गळत असल्याची सूचना) यायचा आणि ऊन तापल्यावर आपोआप जायचा. पॅनेलखालचा एक कनेक्टर स्लॅबवरच्या पाण्यात पडलेला निघाला. उघडला तर आतली पिन हिरवी झालेली. कनेक्टर बदलून वायर क्लिपने वर बांधली, एरर गेला. विजेची गळती असताना इन्व्हर्टर सुरूच झाला नाही, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

गुण कापतो ते इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपचे. ट्रिपची वेळ आणि कोड दिसतो, पण त्या क्षणी व्होल्टेज किती होतं ते दिसत नाही. वीज कार्यालयात तक्रार करायची तर तोच आकडा लागतो, आणि तो मला दर वेळी मल्टिमीटर लावून टिपावा लागतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एवढं नक्की विचारा.