जुन्या गाडीवर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर : सीझन आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आंब्याच्या सीझनात घेतला होता, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे उन्हाळा आणि आख्खा पावसाळा दोन्ही काढलेत त्याने, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. वस्तू म्हणजे तो ऑनलाइन मिळणारा निळा ब्लूटूथवाला डबा, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दाखवतो, वर ईएलएम३२७ असं आतल्या चिपचं नाव लिहिलेलं असतं, पाचशे रुपयांच्या आत-बाहेर पडतो. गाडी २०१२ ची पेट्रोल, राहते गुहागर साइडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. कंपनी लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा काही संबंध नाही, एवढी वर्षं खारं वारं खाल्लेल्या कुठल्याही गाडीचं हे होऊ शकतं.

घ्यायचं कारण असं की शिमगा झाल्यावर भाच्याने आणि मी मिळून घरीच काम काढलं होतं. एअर फिल्टर, चार प्लग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काढून क्लीनरने साफ, बॅटरीचे टर्मिनल सोडवून घासले. सगळं रीतसर. गाडी एका सेल्फमध्ये चालू, पिकअप पण मस्त, आणि मग थांबायची वेळ आली की बंद. म्हणजे चालताना काही नाही, ब्रेक लावून क्लच दाबला की काटा खाली खाली जातो आणि गप्प. धोपाव्याला फेरीबोटीतून उतरून जेट्टीच्या चढाला लागलो आणि बंद पडली, मागे टेम्पो, त्याच्या मागे पाच-सहा बाइक, सगळे हॉर्न मारतायत आणि बोटीवरचा पोरगा ओरडतोय "ओ काका, घ्या की पुढे!" आता घेता आली असती तर घेतली नसती का.

यातला एक भाग नॉर्मल असतो हे आधी सांगतो, कारण घरी थ्रॉटल साफ करणाऱ्या बऱ्याच जणांना इथेच घाम फुटतो. थ्रॉटलच्या कडेला कार्बन साचत जातो तसा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हळूहळू आयडलचं (पाय न लावता इंजिन चालू राहायचं) गणित त्याप्रमाणे बदलत नेतो. आपण कार्बन काढतो, वर बॅटरी सोडवतो, म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं जातं, आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून शिकावं लागतं. माझ्या गाडीला अ‍ॅक्सिलेटरला पाय न लावता चालू करून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत तशीच ठेवायची, मग थोडा वेळ एसी लावून ठेवायची, मग एक चक्कर. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी असते, आपापली बघून घ्या. हे केल्यावर पुष्कळ सुधारली, पण पूर्ण नाही. गरम झाली की तेच.

मग गॅरेज. त्याने बॉनेट उघडून दोन वेळा रेस दिली आणि "फ्युएल पंप गेलाय काका, नवीन टाकून घ्या" म्हणून मोकळा झाला. प्रेशर मोजलं नाही, काही नाही. पंपाचा खर्च ऐकून मी म्हटलं बघतो, आणि घरी येऊन भाच्याने हा डबा ऑर्डर केला.

आता कनेक्ट करायचं. स्टिअरिंगखाली सोळा पिनचा सॉकेट असतो त्यात लावायचा, इग्निशन ऑन, फोनला पेअर करताना पासवर्ड १२३४ किंवा ००००. बीएस-४ (तेव्हाचा प्रदूषणाचा नियम) गाड्यांना आपल्याकडे पूर्ण ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड ठरलेल्या पद्धतीने सांगायची सोय, सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या गाड्यांचा भरवसा नाही, सॉकेट असतो पण समोरून उत्तर येईलच असं नाही. माझी बोलली, पण के-लाइन नावाच्या जुन्या, हळू वायरिंगवर, म्हणजे रडतखडत. सगळे गेज एकदम स्क्रीनवर लावले तर आकडे इतके उशिरा बदलतात की गाडी बंद पडून जाते तरी इथे आठशे आरपीएम दिसतोय. चार-पाचच आकडे ठेवायचे, मग ठीक चालतं. कॅन नावाचं वेगवान वायरिंग असलेल्या नव्या गाड्यांना हा त्रास नाही.

पहिल्यांदा स्कॅन केला तर कोड (ईसीयूने नोंदवलेल्या बिघाडाचे नंबर) शून्य. चेक इंजिनचा दिवा पण नाही. भाचा म्हणाला "मामा, पैसे वाया." पण या डब्याची खरी किंमत कोड वाचण्यात नाहीच, ती लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांत आहे, आणि बहुतेक लोक तिथपर्यंत जात नाहीत, कोड वाचतात, गुगल करतात, जो पार्ट दिसेल तो बदलतात.

बघायचं काय तर फ्युएल ट्रिम. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्याप्रमाणे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो हा आकडा. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा, लाँग टर्म म्हणजे सवयीचा, दोन्हीची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर दहाच्या आत बरी. माझी आयडलला अधिक वीसच्याही वर, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. इथपर्यंत गॅरेजवाला बरोबर असू शकतो. पण मग भाचा म्हणाला "अडीच हजारावर धरा जरा," धरली, आणि आकडा उतरत उतरत चार-पाचवर आला. इथेच सगळं कळलं. पंप कमजोर असेल तर मागणी वाढली की जास्त कमी पडायला पाहिजे, रेसला आणि चढाला आकडा वर गेला पाहिजे. इथे उलट. हवेची गळती असली की आयडलला एकूण हवा थोडी, त्यात चोरटी हवा मोठी वाटते, रेस दिली की एकूण हवेत ती कुठच्या कुठे. खात्री म्हणून चिपळूणला जाताना चढावर पण बघितलं, मी गाडी चालवतोय आणि तो फोन धरून आकडे मोठ्याने वाचतोय, कुठे वाढ नाही. पंप ठणठणीत.

एक मात्र ध्यानात घ्या, माझ्या गाडीला मॅफ सेन्सर आहे, म्हणजे आत जाणारी हवा मोजली जाते. मॅप सेन्सरवाल्या गाडीत तो आतला दाब बघतो, तिथे गळती असली तर ट्रिम साधी दिसून आयडल मात्र वर चढलेला असं पण होतं. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावू नका.

गळती सापडली पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत ओढून घ्यायची सोय) होजला, इंजिनाकडून मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांना, जाणारा बोटाएवढा जाड रबरी पाइप, एल आकारात वळलेला. वरून बघितला तर नवा वाटावा. भाचा एकेक पाइप पक्कडीने कापड लावून दाबत होता, हा दाबला आणि आयडल एकदम सावरला, फोनवर आकडा खाली. काढून उलटा केला तर वळणाच्या पोटाला चीर, सरळ धरला तर मिटलेली, जरा वाकवला की नखभर तोंड उघडतेय, आत रबर कडक होऊन भुगा पडायला लागलेला. एअर फिल्टरचा बॉक्स काढता-घालता हा पाइप हलतो, इतक्या वर्षांचं रबर, गेलं. नवा होज आणि क्लिपा मिळून फेरीबोटीच्या तिकिटाएवढा पण खर्च नाही असं म्हणणार होतो, तेवढं स्वस्त नाही, पण पंपाच्या पुढे काहीच नाही. (बरेच जण गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. पेटतो तो. पाइप दाबून बघा, किंवा साबणाचं पाणी. आणि तोच क्लीनर मॅफच्या तारेवर मारू नका, त्याचा वेगळा मिळतो.)

हे झाल्यावर आंब्याच्या पेट्या भरून बरेच हेलपाटे झाले, एकदा पण बंद पडली नाही. डबा ग्लोव्ह बॉक्समध्ये पडून.

पाऊस लागला आणि परत. यावेळी रात्री, वायपर, हेडलाइट आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर असं सगळं एकदम चालू असेल तरच, सिग्नलसारखं कुठे थांबलो की धडधड आणि बंद. ट्रिम बघितली तर व्यवस्थित. मग व्होल्टेज. इथे एक बारीक गोष्ट आहे, हा डबा सॉकेटच्या सोळा नंबर पिनवरचं व्होल्टेज स्वतः मोजतो तो आकडा वेगळा आणि ईसीयू स्वतःला किती मिळतंय सांगतो तो वेगळा, आणि दुसरा प्रत्येक गाडी देत नाही. माझी देते. बॅटरीवर मीटर लावून १४ च्या वर, आणि ईसीयू म्हणतोय तेराच्या खाली. मधलं गेलं कुठे? मीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या मायनसला, सगळे दिवे चालू, तर अर्धा व्होल्ट. पाव पण नको तिथे. अर्थिंगची पट्टी काढली, बोल्टखालची चकती हिरवीगार, पट्टीच्या विणलेल्या तारा हाताला लागताच तुटत होत्या. पॉलिश पेपरने घासलं, नवी पट्टी, वर पेट्रोलियम जेली. किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीला मी आता पहिलं अर्थिंग बघा असंच सांगतो, स्कॅनर नंतर.

आता तक्रारी. माझ्या डब्यावर व्ही १.५ छापलंय, आणि मूळ ईएलएम कंपनीने १.५ असं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं, म्हणजे नकलेची पण नक्कल. चालतोय तोवर चालतोय. मध्येच कनेक्शन सुटतं, काढून परत लावावा लागतो. लावलेला विसरलात तर इग्निशन बंद असली तरी थोडं थोडं करंट खातो, गणपतीत गाडी आठवडाभर उभी होती त्यात बॅटरी बसली, शेजारच्या चाकरमान्याच्या गाडीवरून जंप मारून चालू केली. एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचत नाही, फुकटच्या अ‍ॅपमध्ये तर नाहीच. आणि ते "कोड क्लिअर" बटण दिसलं की दाबायची लोकांना घाई असते, त्याने फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणाच्या आकड्यांचा) डेटा जातो आणि बहुतेक गाड्यांची शिकलेली ट्रिम पण, मग शोधायचं कशात? आधी स्क्रीनशॉट.

आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जुळत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जी लिहिलेला बघा. आणि २०१३ च्या आधीची गाडी असेल तर रिटर्न घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच मागवा.