दाराला अडकवायची शोल्डर पुली : दहा महिने वापरून

दोन मुठी, एक दोरी, एक चाक आणि दारावर अडकवायची पट्टी. सिव्हिलजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून 280 रुपयांना आणली. वैशाखापासून रोज वापरतेय, म्हणून लिहिते.

माझा डावा खांदा धरला होता. फ्रोजन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं, शुगरवाल्यांना जास्त होतं, आणि मला शुगर आहे. अंबाडा घालता येईना, रात्री त्या कुशीवर वळलं की डोळ्यांत पाणी. कामदा एकादशीला आमच्या नाशिकचे रामरथ, गरुडरथ बघायला गेले, तर गर्दीत सगळ्यांचे दोन्ही हात वर आणि माझा एकटा उजवा.

फिजिओथेरपीच्या मुलीनं पुली सांगितली. दाराकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, ओढायचं चांगल्या हातानं, दुखऱ्यानं नुसतं वर जायचं. "काकू, ताण बसला पाहिजे, कळ नको." तिनं शिकवलं म्हणून कळलं, पुलीच्या डब्यात कागदाचा चिटोरासुद्धा नाही.

हे म्हणाले, पंधरा दिवसांत हिच्यावर टॉवेल वाळतील. अगदीच खोटं नव्हतं म्हणा. आमच्या ट्रेडमिलवर चादरी वाळतात आणि क्रोशाचं तोरण गेली चार वर्षं तिसऱ्या फुलावर आहे.

आता वस्तूबद्दल. मुठी प्लॅस्टिकच्या, जोडाची कड तळव्याला रुतते. मी जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळली. चाक पहाटे साडेपाचला कुईंकुईं करून घर उठवायचं, शिलाई मशीनचं तेल घातल्यावर गप्प झालं. दोरीची गाठ सैल होते, दर आठवड्याला बघा. आणि कडी लावल्याशिवाय बसू नका. मुलानं पलीकडून दार ढकललं तेव्हा हात असा झटक्यात वर गेला की कळ मस्तकात! दोन दिवस भाकरी थापता आली नाही.

पुली झाली की चौकटीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. पोचेल तिथे मी पेन्सिलीची रेघ मारायचे. त्याच चौकटीवर मुलाच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत, शेजारी इयत्ता लिहिलेली. आषाढात माझी रेघ त्याच्या दुसरीपाशी येऊन जी बसली, ती पाच आठवडे तसूभर हलली नाही. रोज शेकायचं, रोज ओढायचं, रोज तीच रेघ. एकदा तर मूठ भिरकावून दिली आणि रडले. पण तो टॉवेल डोळ्यांपुढून जाईना. दुसऱ्या दिवशी परत खुर्ची ओढली, हे उठायच्या आत. श्रावणात रेघ तिसरीत गेली. दिवाळीला दहावी पास! फराळाचे डबे वरच्या फळीवरून मीच काढले. थंडीत पुन्हा जरा आखडलं. इथल्या थंडीत आधी शेकल्याशिवाय दोरीला हात लावू नये.

पैसे वसूल, पण मुठी वाईट, म्हणून पाचपैकी साडेतीन. शेजारच्या वहिनींना हवी होती, पण माझी देणार नाही, नवी आणून देईन.

हात पाठीमागे अजून पुरता जात नाही. त्याला टॉवेलचा व्यायाम दिलाय: एक टोक वरच्या हातात, एक खालच्या, आणि वर खेचायचं. टॉवेल मी ह्यांचाच घेते.