नमुना तांब्याचा, रीळ ॲल्युमिनियमचं: बेंजोच्या पिकअपची तार घेताना झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्यात आमच्या पथकाच्या चार बेंजोंना मी घरी पिकअप, म्हणजे तारेचा आवाज अँपपर्यंत पोहोचवणारी कॉइल, गुंडाळून बसवले. चारही बंद पडले. शेवटचा गेला तो गणपतीला पाच दिवस उरले असताना, ऐन तालमीत. पुतण्या वाजवत होता, मधेच आवाज गेला, आणि पोरगं बटणांवरची बोटं न उचलता माझ्याकडे बघत राहिलं. तारेचे पैसे पोरांनी वर्गणीतून दिले होते. ती तार आणखी कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून हे लिहितोय.

हे काम न केलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लोहचुंबकाच्या कांड्यांभोवती बॉबिनवर, म्हणजे छोट्या साच्यावर, केसाहून बारीक इनॅमल तारेचे (वीज अडवणारा पातळ लेप दिलेल्या) हजारो वेढे द्यायचे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. शास्त्रज्ञ फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलं ते हेच. पितळी तारेवर हा पिकअप मुका राहतो, पण आमच्या बेंजोच्या तारा पोलादी, त्यामुळे तिथे तो छान बोलतो. हे वाद्य मुळात जपानचं, 1912 साली नागोयात तयार झालेलं तायशोगोतो. आपल्याकडे मिरवणुकीत ताशापुढे त्याचा आवाज टिकवायचा तर पिकअप हवाच.

त्यासाठी तार लागते 42 एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं अमेरिकन माप), म्हणजे तांब्याचा गाभा 0.063 मिलिमीटर. आपल्याकडची मोटर रिवाइंडिंगची दुकानं एसडब्ल्यूजीत, म्हणजे ब्रिटिश मापात, बोलतात. त्यांची 42 नंबर तार 0.1 मिलिमीटर असते, ती घेतली तर बॉबिनवर निम्मेसुद्धा वेढे बसत नाहीत. त्यांच्याकडे 46 नंबर मागावी लागते. माझ्या नेहमीच्या दुकानात ती नव्हती. म्हणून फोनवर शोधाशोध केली आणि तार विकणारा हा माणूस सापडला.

बोलायला फार गोड. ‘दादा, आधी नमुना बघा, पटला तर पैसे द्या.’ दहा मीटर तार त्याने स्वतःच्या खर्चाने पाठवली. मी ती मोजली. या जाडीच्या तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण 5.4 ओहम असतो, म्हणजे दहा मीटरला 54. मल्टीमीटरवर 55 आले. मग शंकेला जागाच उरली नाही. अर्ध्या किलोचे 1,900 रुपये यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिल घेतलंत तर उगाच जीएसटी वाढेल.’ मी ऐकलं. रीळ आल्यावर त्यातले दहा मीटर काढून पुन्हा मोजायला हवे होते. तेवढं एक काम केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रीळ हातात घेतलं तेव्हाच ते फुगीर वाटलं होतं. अर्धा किलो तांबं एवढी जागा कसं अडवेल, हा विचार मनात आला, पण तार भरपूर मिळाली अशी मी मनाची समजूत घातली.

पहिली कॉइल 8,000 वेढ्यांची केली. माझ्या बॉबिनवर एक वेढा सुमारे 13 सेंटिमीटरचा, म्हणजे हजारभर मीटर तार लागते आणि रोध पावणेसहा किलोओहमच्या आसपास यायला हवा. मीटरवर आले 8.8. मला आनंद झाला! हे मुद्दाम सांगतोय, कारण ही समजूत सगळीकडे आहे: किलोओहम जास्त म्हणजे पिकअप जोरदार. वेढे वाढले की रोध वाढतो आणि आवाजही वाढतो, त्यातून ती रूढ झाली. पण आवाज येतो वेढ्यांमुळे आणि चुंबकामुळे. वेढे तेवढेच राहून नुसता रोध वाढला असेल तर ती तारेची खोट असते. अँपला लावल्यावर आवाज जुन्या पिकअपइतकाच आला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढच्या कॉइलींना तार तुटायला लागली. कधी तीन हजारांवर, कधी सात हजारांवर. सात हजार वेढ्यांनंतर तुटली की सगळं कापून पुन्हा शून्यापासून. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘दादा, तुमचा ताण जास्त होतोय, हात हलका ठेवा.’ तीन रविवार मी हात हलका करत बसलो. शिलाई मशीनच्या मोटरचा वेग कमी केला, तार ज्या फेल्टमधून सोडतो तो बदलला. चूक माझीच आहे असं मला खरोखर वाटत होतं, आणि त्या माणसाचा सगळ्यात जास्त राग मला याचा येतो.

कशाबशा चार कॉइली पूर्ण झाल्या, मेणात बुडवल्या, बसवल्या. टोकांना सोल्डर नीट धरत नव्हतं. पावसाळी हवेत एकेक जोड आतून गंजत गेला आणि मीटरने एकेक कॉइल ओपन, म्हणजे तुटलेली, दाखवली.

मग रीळ घेऊन रिवाइंडिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी तार नखावर ताणून धरली, ब्लेडने हलकेच खरवडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. तांबूस सालीखाली पांढरी चमकदार रेघ. ‘ॲल्युमिनियम आहे रे. वर तांब्याचा मुलामा.’ त्याच संध्याकाळी एक मेलेली कॉइल सोडवून नुसती तार ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली. हजार मीटर तांबं असतं तर 30 ग्रॅमच्या आसपास भरलं असतं. भरली 14 ग्रॅमसुद्धा नाही.

विकणाऱ्याला हे सांगितलं तर उत्तर तयार होतं: ‘चुकून 44 ची तार आली असेल, बारीक असते, म्हणून रोध जास्त.’ हे ऐकायला खरं वाटतं, कारण 44 ची शुद्ध तांब्याची तारही दहा मीटरला 86 ओहमच्या आसपास, म्हणजे माझ्या रिळाइतकाच रोध दाखवते. नुसत्या ओहमवरून दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून जाडी मोजणारा स्क्रू गेज लावला. इनॅमलसकट 0.07 मिलिमीटर, म्हणजे जाडी 42 चीच. जाडी बरोबर, रोध दीडपट आणि वजन निम्म्याहून कमी, हे तांब्यात बसत नाही. तिन्ही आकड्यांचे फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या आणि मी ब्लॉक झालो.

सायबर फसवणुकीच्या 1930 वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची पावती आणि मेसेज होते, तेच दिले. मेसेज पुसू नका, फोनवर काही ठरलं तर लगेच लिहून त्याला पाठवा आणि ‘हो’ म्हणून घ्या.

आता मी नवं रीळ आलं की दोन खिळे एक मीटर अंतरावर ठोकून त्यांभोवती रिळातलीच तार पाच फेरे घेतो, टोकांचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने काढतो आणि मोजतो. 54 ते 58 ओहम आले तर पुढे जातो. मग ब्लेड आणि भिंग. पाकीट उघडण्यापासून हे सगळं एका सलग व्हिडिओत घेतो.

काकांनी नागपूरहून पाव किलो 46 नंबर मागवून दिली, बिलासकट. विसर्जनाच्या आदल्या रात्री दोन कॉइली झाल्या, 5.9 आणि 6 किलोओहमच्या. दोनच बेंजो निघाले मिरवणुकीत. पोरांचे 1,900 मी परत केले. त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे आणि ‘नमुना फुकट’ हे सगळ्यात वर लिहिलेलं आहे.